कणकेतला गाल

शनिवार, फेब्रुवारीतला शेवटचा. सकाळ. नेमबाजी क्लबची दहा मीटरची रेंज. हजर: मी, शस्त्रागार सांभाळणारे अंकल, माझी मुलगी, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला करी पफ. गैरहजर: नवरा. कारण: जहाजावर.

ऑफिसात प्रत्येक मीटिंगचं इतिवृत्त मीच लिहिते, त्यामुळे हजर-गैरहजर मांडल्याशिवाय मला कशाचीच सुरुवात करता येत नाही. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या माझ्या टीमला याची गंमत वाटते. मुलगी तर जेवायला बसताना विचारते, "कोरम आहे का, आई?" आमच्या घरात कोरम वर्षातले निम्मे महिने नसतो. नवरा मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर आहे. गैरहजेरीचं कारण लिहिताना मला विचार करावा लागत नाही.

त्या शनिवारचं काम साधं होतं. पेलेटचे चार नवे लॉट आले होते आणि त्यातला माझ्या एअर रायफलला कुठला मानवतो ते पाहायचं होतं. पेलेट म्हणजे शिशाचा मिरीएवढा दाणा, मधोमध कंबर असलेला. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे डबे असले तरी प्रत्येक लॉट वेगळा निघतो, आणि रायफलच्या नळीची आवडनिवड तर आपल्या सासरच्या माणसांइतकीच अवघड असते. एक लॉट चालतो, दुसरा का चालत नाही ते कुणीच सांगू शकत नाही. मारूनच पाहावं लागतं. हे काम आजवर नवरा करायचा. त्याच्याशिवाय करायची माझी पहिलीच वेळ होती. मार्चमध्ये क्लबची मॅच होती आणि तोवर तो घरी येणार होता. तारखेसकट तसं ठरलेलं होतं. मी त्याच्या आवडीच्या गोष्टींची यादी फ्रिजवर लावूनही टाकली होती.

हा नाद मूळचा माझा. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पात रायफल हातात आली, बरी जमली, मग नोकरी, लग्न, मूल, सिंगापूर असं करत राहूनच गेली. मुलगी मोठी झाल्यावर मी इथल्या क्लबात नाव घातलं. नवऱ्याला नेमबाजीत रस नाही. त्याला रस रायफलमध्ये. त्याचं आजोळ कोल्हापूरचं. मामांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती आणि मामा रिकामी पितळी काडतुसं जपून ठेवून घरीच पुन्हा भरायचे. भाच्याला कामाला हात लावायची परवानगी नव्हती, समोर बसून बघायची होती. तो अजून सांगतो की मामा त्या वेळी रेडिओ बंद करायचे, आणि मामी चहा आणायच्या तोही उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. हाताने भरलेलं काडतूस म्हणजे निम्मी शिकार, असं मामांचं म्हणणं होतं. शिकार त्यांनी जन्मात केली नाही.

इथे काडतूस भरणं दूरच, साधा पेलेटसुद्धा घरी आणता येत नाही. रायफल क्लबच्या कपाटात कुलुपात राहते, सही केल्यावर मिळते, सही करून परत द्यायची. म्हणजे ज्या वस्तूवर नवऱ्याने सुट्टीतले इतके दिवस घालवले ती आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये कधी आलीच नाही. तो घरी असला की शनिवारी आम्ही दोघं क्लबात जायचो. मी सराव करायची आणि तो मागच्या बाकावर सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा घेऊन पेलेट एकेक करून तोलायचा. हलके एकीकडे, जड दुसरीकडे, वाकडे अंकलच्या ताटलीत. मामांची राहिलेली काडतुसं तो असा भरून घ्यायचा, असं मला वाटायचं. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाला, "तोलताना बोलायचं नसतं."

रायफल त्याने तुकड्यातुकड्यांनी उभी केली. नळी आणि तिची यंत्रणा एका निवृत्त सभासदाकडून रीतसर माझ्या नावावर करून घेतलेली, बाकी सांगाडा ॲल्युमिनियमचा, ज्याचे सगळे भाग पुढेमागे, वरखाली सरकतात. ते सरकवायचे कसे, तर नेमबाजाच्या शरीराप्रमाणे. खांद्याची उंची, मानेची लांबी, हाताचा पंजा. नवऱ्याने माझी मापं घेतली तशी कुठल्या शिंप्यानेही घेतली नव्हती. प्रत्येक वेळी तो जहाजावरून परतला की पहिल्या शनिवारी माप पुन्हा घ्यायचा, कारण चार-पाच महिन्यांत मी थोडी बदललेली असायची. एकदा खांदा आखडला होता, एकदा मी बारीक झाले होते. तो फक्त स्क्रू सैल करायचा, भाग सरकवायचा, पुन्हा आवळायचा. माझं त्याच्यामागे काय काय झालं ते त्याला असं कळायचं.

सगळं जुळलं, एक गोष्ट सोडून. चीकपीस. नेम धरताना गाल ज्यावर टेकतो ती पट्टी. विकतची पट्टी माझ्या गालाला बसेना. गाल नेमका, रोज, त्याच जागी टेकला नाही तर डोळा त्याच जागी येत नाही आणि बाकी सगळं केलेलं वाया जातं. गेल्या सप्टेंबरात जहाजावर साइन ऑन व्हायच्या आधी नवऱ्याने जाहीर केलं की तो लाकडाची पट्टी स्वतः कोरणार. जहाजावर वर्कशॉप आहे, वस्तू घट्ट आवळून धरणारा व्हाइस आहे, कानशी आहेत, आणि ड्युटी संपल्यावर वेळच वेळ आहे. मी आधी अंकलना विचारलं. त्यांनी क्लबच्या ऑफिसात विचारून सांगितलं की गालाखालचं लाकूड म्हणजे बंदुकीचा भाग नव्हे, आणा.

गालाचा ठसा पाहिजे होता. त्यासाठी काय वापरायचं यावर नवऱ्याने फार विचार केला नाही. तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि परातीत पुऱ्यांच्या कणकेसारखी घट्ट कणीक मळली, तेलाचा हात लावून. मला डायनिंग टेबलाशी बसवलं, नेम धरल्यासारखी मान वाकवायला लावली आणि तो गोळा माझ्या उजव्या गालावर दाबून धरला. मुलगी व्हिडिओ काढत होती.

"हलू नकोस गं."

"किती वेळ?"

"बोलू पण नकोस. जबडा हलतो."

मुलगी मागून तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, यू आर मेकिंग चपाती ऑन हर फेस, लाह."

"चपाती नाही, पुरी," तो गंभीरपणे म्हणाला. "फुगायला पाहिजे."

सेरंगूनच्या मॉलमधून आणलेलं प्लास्टर त्या कणकेच्या साच्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी माझा पांढरा गाल निघाला, कानापासून हनुवटीपर्यंत. तो त्याने टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवला आणि आठवड्याने गेला. कणीक मी टाकून दिली. टाकताना तिच्यात माझ्याइतकेच त्याच्या बोटांचे ठसे होते, ते पाहिले आणि मग टाकली.

लाकूड जानेवारीत आलं. आलं ते असं. त्याचं जहाज तेल भरून घ्यायला सिंगापूरच्या बाहेर अँकरवर थांबणार होतं, अर्धा दिवस. तेवढ्यात कुणाला खाली उतरता येत नाही, त्यात चीफ इंजिनिअरला तर नाहीच, कारण तेल त्याच्याच देखरेखीखाली चढतं. पण एजंटची लाँच कागदपत्रं घेऊन ये-जा करते. मी ऑफिसात रजा टाकली आणि धक्क्यावर गेले. समोर समुद्रात जहाजांची रांग लागलेली. त्याने फोनवर सांगितलं की त्याचं लाल बुडाचं आहे, पांढऱ्या केबिनचं. लाल बुडाची, पांढऱ्या केबिनची जहाजं मला बरीच दिसली. मी त्यातलं एक धरून त्याच्याकडे बघत राहिले. नंतर कळलं ते त्याचं नव्हतंच, त्याचं पलीकडे दुसऱ्याच्या आड होतं.

लाँचवाल्या मुलाने माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी दिली आणि सही घेतली. मी तिथेच कागद सोडून ती पाहिली. फिकट रंगाचं लाकूड, पॉलिश पेपरने इतकं घासलेलं की हाताला साबणासारखं लागत होतं. मी ते गालाला लावून पाहिलं. धक्क्यावर पुष्कळ माणसं होती, पण तिथे सगळेच कुणाकुणाला न्यायला किंवा सोडायला आलेले असतात, कुणी बघत नाही. लाकडाला डिझेलचा वास होता. त्याच्या कपड्यांना सुट्टीचा पहिला आठवडा जो वास असतो तो.

आणि ते बसत नव्हतं.

आधी मला वाटलं सवय व्हायला वेळ लागेल. जानेवारी संपला, फेब्रुवारी संपत आला. एक गोळी आत, पुढची बाहेर, तिसरी भलतीकडे. मी नेहमीप्रमाणे कारणं लिहून काढली आणि एकेक खोडत गेले. श्वास: नाही. ट्रिगर: नाही. पायांची जागा: नाही. डोळे तपासून आले. शेवटी उरले पेलेट, म्हणून तो शनिवार.

अंकलनी रायफल व्हाइसमध्ये आवळली. आमच्या कामात हेच न्यायाचं आसन. माणूस बाजूला काढायचा आणि रायफलला एकटीला मारू द्यायचं. चारही लॉट मारून झाले. चारातले तीन एकाच भोकातून गेले म्हणावं असे, चौथाही वाईट नाही. अंकलनी टार्गेटचे कागद माझ्यासमोर ओळीने मांडले. ते कमी बोलतात. रायफल चांगली आहे, मॅडम, म्हणाले, आणि पुढचं माझ्यावर सोडलं.

म्हणजे बिघाड माझ्यात. मी रायफल सोडवून घेतली, लेनवर उभी राहिले, आणि पुन्हा तेच. एक आत, दोन बाहेर.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. जहाजावर आता इंटरनेट असतं, लहरीप्रमाणे. मी रायफल खाली ठेवली, मागे बाकाशी आले, मुलीने मोबाइल समोर धरला. तो बॉयलर सूटमध्ये होता, मागे वर्कशॉप. काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मग कॅमेरा फिरवला. कानशींच्या फळीवर माझा प्लास्टरचा गाल ठेवलेला होता, आणि त्याच्यावर कुणीतरी छोटं पिवळं सेफ्टी हेल्मेट रेखाटलं होतं, स्केचपेनने.

"फोर्थ इंजिनिअरचं काम," तो म्हणाला. "सगळी पोरं सकाळी आत आली की आधी हिला गुड मॉर्निंग मॅडम म्हणतात. मला नंतर. परवा कॅप्टन राउंडला आला, त्याने विचारलं हे कोण. मी सांगितलं, माझी बायको, निम्मी. तो म्हणाला, निम्मी एवढी कडक दिसते, तर पूर्ण घरी कशी असेल."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले, अंकलनी वळून पाहिलं. फोन मुलीकडेच राहू दिला आणि अजून हसू ओठांवर असतानाच लेनवर जाऊन रायफल उचलली. गाल लाकडाला लागला आणि मला पहिल्यांदा कळलं की लाकूड कुठे आहे. म्हणजे ते इतकं बरोबर बसलं की आहे हे जाणवलंच नाही. दहा, म्हणजे अगदी मधोमध. पुढची दहा. तिसऱ्या वेळेपर्यंत चेहरा नेहमीसारखा झाला होता, आणि ती आठवर गेली.

अंकल दुर्बिणीतून बघत होते. त्यांनी मान वर केली, पण बोलली मुलगी. ती फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने काही शोधत होती, आणि तिने सप्टेंबरमधला व्हिडिओ माझ्यासमोर धरला. डायनिंग टेबल, मान वाकवलेली मी, गालावर कणीक. आणि तोंड बंद ठेवून मी हसत होते. सगळा वेळ. पुरी फुगायच्या आधीपासून.

"आई, यू वेअर स्माइलिंग," ती म्हणाली. "बाबा कार्व्ह्ड द स्माइल."

हसताना गाल वर येतो आणि फुगतो. त्याने तो जसा होता तसा, अगदी मन लावून, लाकडात खोदला होता. सरळ चेहऱ्याने टेकलं की त्या खोलगट जागेत माझा गाल पुरत नव्हता, खाली पोकळी राहत होती. इतकी पातळ की बोटाला कळणार नाही, डोळ्याला कळते. मामांच्या घरी रेडिओ बंद करून तोलायला शिकलेल्या माणसाने माप घेताना एवढीच एक गोष्ट सोडली होती, की तो समोर असताना मी वेगळी दिसते. आणि मीही सोडली होती. तो समोर असताना मी आरशात बघत नाही.

नवरा अजून लाइनवर होता. मी त्याला सांगितलं. आवाज तिकडे उशिरा पोचला. मग हसला.

"मग हसत मार की."

"एकटीने?"

यावर त्याने कॅमेरा पुन्हा स्वतःकडे वळवला. मागे कुठेतरी इंजिनचा एकसुरी आवाज येत होता. मग त्याने सांगितलं की त्याच्या जागी येणारा रिलीव्हर मिळालेला नाही. कंपनी आता एप्रिलअखेर म्हणतेय, कदाचित मे. मॅचला तो नसणार.

"हे सांगायला फोन केला होतास?"

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी तू नेम धरणार होतीस ना."

मी बरं म्हटलं. व्यवस्थित जेव म्हटलं. रिलीव्हरचा मेल आला की मला पाठव म्हटलं. मुलीने फोन ठेवला आणि उरलेला करी पफ मला दिला, जे ती सहसा करत नाही.

अंकलनी सगळं ऐकलं होतं, पण बोलणं मराठीत असल्याने त्यांना मुलीचं इंग्रजी आणि आमचे चेहरे एवढंच कळलं असेल. ते आत गेले आणि कपाटातून दोन वस्तू घेऊन आले. एक कानस, दुसरी चिकट फेल्टची पट्टी. त्यांनी समजावलं की दोन मार्ग आहेत. खोलगट भागाच्या कडा कानशीने उतरवल्या तर गाल आणखी खाली जाऊन तळाला टेकेल, कायमचं काम होईल. नाहीतर आत फेल्ट लावून पोकळी भरायची. ते स्वतः कानशीच्या बाजूचे होते. चांगलं लाकूड आहे, म्हणाले, फेल्ट लावून विद्रूप कशाला करता.

कानस त्यांनी माझ्यापुढे धरली होती. मी कामाच्या बाबतीत कायमचा मार्ग निवडणारी बाई आहे. तात्पुरत्या उपायांवर मी ऑफिसात लोकांना इतकं बोलते की त्यांनी माझ्या मागे नाव ठेवलं असेल. मी लाकडावरून अंगठा फिरवला. गालफडाच्या हाडाखाली एक उतार होता, ओठांच्या कोपऱ्याकडे चढत जाणारा. तिथे कानशीची रेघ राहू नये म्हणून त्याने किती रात्रपाळ्यांनंतरचे तास घासलं असेल.

"फेल्ट," मी म्हणाले.

अंकलनी नापसंतीने कानस परत नेली.

मार्चची मॅच झाली. फेल्ट लावून मारली, मधल्या फळीत आले, त्यात तक्रार नाही. दुसऱ्या लॉटचे पेलेट वापरले. ते मीच तोलले, त्याच्या बाकावर बसून, आणि वाकडे अंकलच्या ताटलीत टाकले. अंकलनी एकदा येऊन पाहिलं आणि चहा ठेवून गेले, बाकाच्या टोकाला, लांब. तोलताना बोलायचं नसतं हे त्यांना नवऱ्याने सांगितलं होतं की काय, कोण जाणे. मॅच संपल्यावर मी फेल्ट अलगद सोलून काढली आणि लाकडावरचा गोंद पुसला. आता दर शनिवारी हेच: लावायची, मारायचं, सोलायची. ही पद्धत मूर्खपणाची आहे हे मला माहीत आहे.

खरा उपाय सरळ आहे. नवा ठसा, गंभीर चेहऱ्याने, आणि नवं लाकूड. कणीक घरात आहे. प्लास्टरचा नवा डबा मी मागच्याच रविवारी सेरंगूनहून आणला, तो स्वयंपाकघरात रव्याच्या डब्याशेजारी आहे. मुलगी दोनदा म्हणाली की ती दाबून धरेल, दहा मिनिटांचं काम, आय कॅन डू इट, आई. तिच्यासमोर माझा चेहरा सरळ राहील यात शंका नाही. फ्रिजवरच्या यादीतल्या बाकी सगळ्या गोष्टी आणून झाल्या आहेत, काही टिकणाऱ्या नव्हत्या त्या खाऊनही झाल्या. रिलीव्हरचा मेल अजून आलेला नाही.

यादीत खाली एक ओळ राहिली आहे. गालाचा ठसा पुन्हा घेणे. जबाबदारी: तो. मुदत मी अजून लिहिलेली नाही.